दोन रात्री, एकच मुक्काम

(दृश्य : लातूर, शुक्रवारची संध्याकाळ. गल्लीत उभी असलेली मोटरहोम.)

टेम्पो ट्रॅव्हलरएवढी पांढरी गाडी. आतल्या खुर्च्या काढून दोन पलंग, एक ओटा, छोटा फ्रीज आणि हातभर रुंदीची मोरी बसवलेली. छतावर सोलर पॅनेल. शेजारच्या आजी उंबऱ्यातूनच विचारतात, "कुठल्या देवाला निघालाव?" आपल्याकडं गाडीत अंथरूण-पांघरूण आणि शेगडी चढली की माणूस देवाला तरी चाललेला असतो, नाहीतर लग्नाला. तिसरं कारण लोकांच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही.

हातात दोन रात्री आणि जेमतेम दीड दिवस. एवढ्यात काय काय उरकायचं याची यादी बरेच जण गुरुवारीच करून ठेवतात : वेरूळ, देवगिरी, पैठण, जमलं तर अजिंठाही. लॉजवर उतरणाऱ्यानं असा बेत खुशाल करावा. मोटरहोम हलवायची म्हणजे दर वेळी भांडी कपाटात बसवा, गॅसचा कॉक बंद करा, फ्रीजची कडी लावा, बाहेर मांडलेल्या खुर्च्या आवरा, वाळत घातलेले टॉवेल काढा. दिवसातून दोनदा हे केलं की सुट्टी आवराआवरीतच संपते. म्हणून या गाडीला सरावलेली माणसं एकच जागा निवडतात, घरापासून दोन-अडीच तासांच्या आतली. शुक्रवारी जिथं टेकायचं, रविवारी दुपारी तिथूनच परत फिरायचं.

आणि मराठवाड्यात ही जागा कुठली असावी, हे ऊस, माती, पाणी आणि ऊन ठरवतात.

(दृश्य : अंधारातला रस्ता. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर.)

उसापासून सुरुवात करू. दिवाळीच्या मागंपुढं साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. नेमका हाच आपला हिंडायचा हंगाम. रात्री आतल्या रस्त्याला लागा, एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिसतील. दिसतील म्हणजे, अगदी जवळ गेल्यावर. मागच्या ट्रॉलीला बहुतेकदा दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर धुळीनं माखलेला असतो, आणि ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो. बैलगाड्या निराळ्याच. आपली गाडी उंच, जड आणि ब्रेक लागायला वेळ घेणारी. तेव्हा दिवेलागणीच्या आत मुक्कामी पोचायचं. ऑफिस सहाला सुटत असेल तर शुक्रवारी निघूच नका, शनिवारी उजाडता उजाडता निघा. एक रात्र कमी पडेल, पडू द्या.

समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरची ही भीती नाही. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांतून जातो. पण समृद्धीवरून उतरलं की पुढचे वीस-तीस किलोमीटर पुन्हा त्याच उसाच्या रस्त्यानं जायचं असतं, हे विसरून चालत नाही.

(दृश्य : भेगाळलेली काळी जमीन. मग त्याच जमिनीवर पावसाचे थेंब.)

आता माती. काळी कसदार जमीन ही मराठवाड्याची श्रीमंती. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी सगळं हिच्यावर. पण तीन-साडेतीन टन वजनाच्या गाडीची ही जमीन वैरीण आहे. पाणी प्यायली की ती फुगते, चिकटते आणि चाक गिळते. एक चांगली सर आली तरी पुरे. मग ट्रॅक्टर बोलवा, साखळी आणा, आणि सगळ्या गावाला आयती करमणूक. गाडी उभी करायची ती मुरमाच्या जागेवर, खडकाळ माळावर, नाहीतर सरळ डांबरालगत. वरून कोरडी दिसणारी जागासुद्धा विचारल्याशिवाय धरू नये.

"काका, रामराम. गाडी रातभर इथं लावली तर चालंल का?"

"लावा की. पर त्या तुरीच्या कडंला नगा. रातच्याला लाईट येती, पाणी द्यायचंय."

शेतीपंपाची वीज बऱ्याच गावांत पाळीपाळीनं मिळते, आणि ती पाळी अनेकदा रात्रीची असते. आपण झोपेत, बाजूच्या सरीत पाणी चाललेलं, आणि सकाळी मागचं चाक वीतभर खाली. हे कुठल्याच नकाशात दिसत नाही. काकांना विचारल्यावरच कळतं.

(दृश्य : गाडीच्या बाजूला पाण्याची टाकी भरली जाते आहे.)

पाण्याचं मात्र विचारायचं नाही, घरूनच न्यायचं. एप्रिल २०१६ मध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ती 'जलदूत' गाडी, रांगेनं उभे वॅगन, आणि स्टेशनवरची गर्दी. ज्या पोरांनी तेव्हा घागरी वाहिल्या, ती आता कमावती झाली आहेत, आणि त्यांतलीच काही अशा गाड्या बांधून घेताहेत. मार्चनंतर टँकरच्या वेळेवर जगणाऱ्या वस्तीत जाऊन 'जरा टाकी भरून द्या' म्हणणं शोभत नाही. लोक नाही म्हणणार नाहीत, म्हणून तर मागू नये.

शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो वजन. चार माणसं, दोन दिवस : माणशी दिवसाला साडेबारा लिटर. एका आंघोळीच्या बादलीतच हे संपतं. तेव्हा बादलीऐवजी तांब्या, नाहीतर ओला टॉवेल. ताटांवर केळीचं पान किंवा पत्रावळ. खरकटं आधी पुसून काढायचं, मग भांडं विसळायचं. पिण्याचं पाणी वेगळ्या जारमध्ये. मोरीचं साबणाचं पाणी ओढ्यात किंवा तळ्याच्या काठी सोडायचं नाही, खालच्या टाकीत साठवून परत आणायचं. नव्यानं आलेल्यांना हा जाच वाटतो. दुष्काळ पाहिलेल्या घरात मात्र ही रोजचीच रीत आहे.

(दृश्य : छतावरचं पॅनेल, त्यावर पडलेलं ऊन.)

ऊन इथं भरपूर, आणि पॅनेलला तेच हवं. दोनशे वॅटचं पॅनेल चांगल्या दिवशी आठशे ते हजार वॅट-तास देतं. बारा व्होल्टच्या शंभर अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत साधारण बाराशे वॅट-तास मावतात. छोटा फ्रीज, दिवे, दोन पंखे आणि फोन यात सुखानं निघतात. पण एसी लावला की तो तासाला हजारेक वॅट-तास ओढतो. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी जेवणं उरकेपर्यंत रिकामी. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पलीकडं असताना पत्र्याच्या गाडीत झोपायची हौस कुणी करू नये, इतकं स्पष्ट सांगायला हवं. जनरेटर लावून माळरानावर रात्रभर घरघर करणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढाच खरा काळ. तेव्हा परभणीकडं पहाटे पारा एकेरी आकड्यावर येतो, आणि थंडी लागली म्हणून कोळशाची शेगडी आत घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, झोपेतल्या माणसाला कळतसुद्धा नाही. स्वयंपाकाचा गॅस निराळा, तो हवेपेक्षा जड, गळाला तर खाली बसतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका हवाच. गोधड्या दोन जास्त घ्या.

(दृश्य : शेतातली आगटी. शेणाच्या गोवऱ्यांवर भाजली जाणारी ज्वारीची कणसं.)

आणि मग हुरडा. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीचं कणीस दुधात भरलं की आगटी पेटते. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातांवर चोळायचं, फोलपट फुंकरीनं उडवायचं आणि हिरवा दाणा तोंडात टाकायचा. सोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. संभाजीनगर, बीड, लातूरच्या आसपास बऱ्याच शेतकऱ्यांनी हुरड्याच्या हंगामात शेतं पाहुण्यांसाठी खुली केली आहेत. तिथं गाडी लावायला मुरमाची जागा असते, विहीर असते, रात्री राखणीला माणूस असतो. मोटरहोमसाठी याहून चांगला तळ शोधून सापडणार नाही. कॅराव्हॅन म्हणजे अशाच राहत्या गाड्या, त्यांच्या पर्यटनासाठी राज्य सरकारनं २०२१ मध्ये वेगळं धोरण आणलं. पण आमचं मत विचाराल तर मराठवाड्यात कॅराव्हॅन पार्कची वाट पाहण्यापेक्षा हुरड्याचं शेत गाठावं. दर आधी ठरवा. ओळखीतला शेतकरी पैसे घेत नसेल तर त्याच्याकडची ज्वारी, तूरडाळ, गावरान अंडी विकत घ्या.

लातूर-धाराशिवकडं तर अख्ख्या जिल्ह्यानं रानात जाऊन जेवायचा एक दिवसच आहे, वेळ अमावास्या. मार्गशीर्षातली ही अमावास्या. कडब्याची कोप म्हणजे छोटी झोपडी उभारतात, आत पाच दगडांचे पांडव मांडतात, पूजा होते. मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. शहरातले रस्ते ओस पडतात, दुकानं बंद, सगळी माणसं शेतात. ज्याचं शेत नाही तो मित्राच्या शेतात. अनोळखी गाडी बांधावर थांबली तरी आधी आंबिलाचा पेला हातात येतो, चौकशी नंतर. ही अमावास्या शनिवार-रविवारला जोडून आली, तर त्या आठवड्यात दुसरा बेत करायचा नसतो.

(दृश्य : नाथसागराचं पसरलेलं पाणी. दूरवर पक्ष्यांचे थवे.)

संभाजीनगरकरांसाठी पैठण पन्नासेक किलोमीटरवर. १९७६ मध्ये पूर्ण झालेलं जायकवाडी धरण आणि त्यामागचा नाथसागर. हिवाळ्यात इथं रोहित पक्षी येतात, पट्टकादंब नावाचे रानहंस येतात. परिसर पक्षी अभयारण्याचा आहे, त्यामुळं काठावर गाडी लावून राहायचं नाही. गावाकडं परवानगीच्या जागी मुक्काम करून पहाटे चालत जायचं. फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणमध्ये दिंड्यांची दाटी असते. तेव्हा जायचं तर वारकरी म्हणून जावं, गाडी घरी ठेवून.

वेरूळला मुक्काम जवळ असण्याचा फायदा सकाळी कळतो. लेणी सूर्योदयाला उघडतात. शहरातून निघालेल्या बसगाड्या पोचायच्या आत कैलास लेण्याच्या प्रांगणात आपण जवळपास एकटे असतो. लेण्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळं सकाळी सावली आणि गारवा, समोरून ऊन हवं तर दुपार कलल्यावर पुन्हा एक फेरी. हे दोनदा बघणं लॉजवाल्याला जमत नाही. रात्रीसाठी म्हैसमाळचं पठार जवळ आहे, वारा मात्र झोंबतो. शहरातून येणारा जुना रस्ता दौलताबादजवळ तटबंदीतल्या दरवाजातून जातो. छतावर पॅनेल बसवल्यावर आपल्या गाडीची उंची नेमकी किती झाली, हे चालकासमोर लिहून ठेवलेलं असावं.

(दृश्य : आरटीओच्या आवारातली गाड्यांची रांग.)

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीत परस्पर मोठे बदल करता येत नाहीत. ओटा, पलंग बसवण्याआधी आरटीओची परवानगी घ्यायची आणि नोंदणी पुस्तकात तशी नोंद करून घ्यायची. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी तिथंच बोट ठेवते.

(दृश्य : रविवार दुपार. नळदुर्गच्या वाटेवर उभी गाडी.)

रविवारी जेवण झालं की निघायचं, उसाच्या ट्रॉल्या अंधारात भेटू नयेत म्हणून. शौचकूपाची पेटी रानात ओतायची नाही, घरच्या संडासात रिकामी करायची. फ्रीजचं दार उघडं ठेवायचं, नाहीतर पुढच्या खेपेला वास येतो. डिझेल भरून ठेवायचं.

पावसाळ्यातला एकच मुक्काम सुचवावासा वाटतो, नळदुर्गचा. बोरी नदी किल्ल्यातच बांधानं अडवलेली आहे. त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे, आणि पाणी चढलं की नर-मादी धबधबे त्याच्यासमोरून कोसळतात. किल्ल्याला ११४ बुरूज. पुणे-हैदराबाद महामार्ग लागूनच, त्यामुळं काळ्या मातीत उतरायची गरज नाही, गाडी शेवटपर्यंत डांबरावर. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, आणि मराठवाड्यात सप्टेंबरचा पाऊस बऱ्याचदा जोराचा असतो. २०२७ साली १७ सप्टेंबर शुक्रवारी येतो. म्हणजे दोनाच्या तीन रात्री. टाकीत पाणी थोडं कमी नेलं तरी चालेल.