अंधारात वाजलेला सोनाटा

(पियानोचे सुरुवातीचे स्वर)

आधी एकटा पियानो. हलकेच काहीतरी विचारल्यासारखा. चार बार, म्हणजे तालाची चार छोटी आवर्तनं होतात आणि मग व्हायोलिन बोलू लागतं.

सप्टेंबर १८८६. बेल्जियममधलं आर्लों. आज यूजेन इझाई याचं लग्न. वय २८, व्हायोलिनवादक म्हणून नाव झालेलं. सकाळीच त्याचा मित्र शार्ल बोर्द त्याच्या हातात स्वरलिपीचे कागद ठेवतो. संगीतकार सेझार फ्रांक यांनी पाठवलेला आहेर! व्हायोलिन आणि पियानोसाठी ए मेजर या स्वरश्रेणीतला सोनाटा, म्हणजे चार भागांची वाद्यरचना, इझाईलाच अर्पण केलेला.

फ्रांक स्वतः लग्नाला आले नव्हते. तेही मूळचे इझाईच्याच लिएज शहरातले. आता वय ६३, पॅरिसच्या सेंट क्लोटिल्ड चर्चमध्ये ऑर्गनवादक. व्हायोलिन सोनाटा त्यांनी आयुष्यात हा एवढाच लिहिला.

पाहुण्यांत पियानोवादक लिओन्तीन बोर्द-पेन होत्या. घाईघाईत एक तालीम झाली आणि नवरदेवानेच व्हायोलिन हाती घेतलं. हा सोनाटा ज्यांनी बसवलाय, त्यांना त्या एका तालमीची कल्पनासुद्धा धडकी भरवेल. पियानो इथे साथीला नाहीच, तो बरोबरीचा आहे. फ्रांक यांचा पंजा मोठा होता आणि एका हाताने एकदम गाठायच्या सुरांमधल्या लांब अंतरांवरून ते कळतं.

पहिला भाग फ्रांक यांच्या मनात संथ होता. इझाईने तो जरा चढ्या लयीत वाजवला. फ्रांक यांना ते पटलं आणि त्यांनी लयीची खूणच बदलली.

(दुसऱ्या भागाचा खळबळता पियानो)

१६ डिसेंबर १८८६, ब्रुसेल्स. चित्रांच्या संग्रहालयात पहिला जाहीर प्रयोग. वादक तेच दोघे. हिवाळ्यातली दुपार, सोनाटा कार्यक्रमात सर्वांत शेवटी, आणि चित्रांना धोका नको म्हणून दिवे लावायला बंदी. पहिला भाग संपेपर्यंत कागद दिसेनासे झाले. फ्रांक यांचे शिष्य व्हँसाँ दँदी यांनी लिहून ठेवलंय, की श्रोते उठायला तयार नव्हते. उरलेले तिन्ही भाग दोघांनी काळोखात, पाठ वाजवले.

(चौथा भाग सुरू होतो)

त्यातला हा शेवटचा. पियानो एक सुरावट घेतो, व्हायोलिन बरोबर एक बार मागून तीच सुरावट गातं. लग्नाच्या आहेरात याहून प्रेमळ काही मला सुचत नाही. त्या संध्याकाळी दोघांना एकमेकांचे चेहरेही धड दिसत नसतील. पियानो पुढे, व्हायोलिन एक पाऊल मागे, फक्त कानांच्या भरवशावर.

(संगीत शेवटपर्यंत)