दबावगट : मुखत्यारपत्र कोणाचे?

मित्रहो, 'दबावगट' हा शब्द राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात अगदी निरुपद्रवी वाटतो. समान हित किंवा समान मत असलेले लोक एकत्र येतात, सरकारच्या निर्णयावर प्रभाव टाकतात, पण निवडणूक लढवून स्वतः सत्तेवर बसू पाहत नाहीत. तोच शब्द बातमीत आला की त्याला आरोपाचा वास येतो. सरकार 'दबावाला बळी पडले' असे आपण म्हणतो. माझे म्हणणे असे की दबाव टाकण्यात गैर काही नाही. तो कोणाच्या वतीने टाकला जातो, हे लपवण्यात गैर आहे.

यासाठी मी तुम्हाला पुण्यात नेतो. २ एप्रिल १८७० रोजी तिथे सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हे तिचे प्राण. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले आणि सभेला अभ्यासाची धार आली. या सभेचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. सभासद व्हायचे तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. मतदानाचा हक्क कोणालाच नव्हता त्या काळात! पंचाण्णव सभासद आणि त्यांच्या मागे सुमारे सहा हजार माणसे. 'तुम्ही कोण?' असे साहेबाने विचारले, तर कागद समोर ठेवता येत होता.

१८७६ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती जमवली आणि ती सरकारपुढे मांडली. पीक किती बुडाले, लोक गाव सोडून कुठे चालले, हे तपशील अर्जात येऊ लागले. नुसती गाऱ्हाणी मांडणे आणि पुराव्यानिशी मांडणे यातला फरक इथे दिसतो. १८९६ च्या दुष्काळात सभा टिळकांच्या हाती होती. सभेची माणसे खेड्यांत जाऊन शेतकऱ्याला सांगत होती की सरकारच्याच दुष्काळसंहितेप्रमाणे तुला सवलत मागता येते. सरकारला हे झोंबले. १८९७ मध्ये मुंबई सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सार्वजनिक धोरणाविषयी सरकारकडे दाद मागण्याचा सभेचा अधिकारच अमान्य केला. दबाव नेमका कुठे लागला होता, याची यापेक्षा वेगळी पावती कशाला हवी?

ग्राहक पंचायतीची चळवळ १९७० च्या दशकात याच पुण्यात उभी राहिली, तीही याच परंपरेतली. १९८६ मध्ये देशात ग्राहक संरक्षण कायदा आला, त्यामागे अशा संघटनांचा रेटा होता.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे पाहा. चाकणच्या कांद्यापासून सुरुवात झाली. १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊसउत्पादक रस्त्यावर बसले. मागणी काय, तर उसाला टनाला तीनशे रुपये. मागणारा कोण, मागतो काय, कोणाकडे, सगळे उघड्यावर. १९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला आणि निवडणुकीच्या राजकारणात पाऊल टाकले. दबावगट आणि पक्ष यांच्यातली सीमारेषा तिथे ओलांडली गेली. तो निर्णय बरोबर की चूक, यावर कार्यकर्ते आजही भांडतात.

आता 'साखर लॉबी' म्हणतात तिच्याकडे, म्हणजे साखर कारखानदारांच्या गटाकडे वळू. इथे गुंता आहे. आपल्याकडे कारखान्याचा अध्यक्ष आणि आमदार ही पुष्कळदा एकच व्यक्ती असते. मागणी करणारा आणि मंजूर करणारा एकाच खुर्चीत बसला, तर त्याला दबावगट कसे म्हणायचे? दबावाला समोर दुसरी बाजू लागते. शिवाय ऊस उत्पादक सभासदाचे हित आणि संचालक मंडळाचे हित एकच असेल, असे नाही. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, थकली की हे लख्ख दिसते.

अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबी करणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि कोणासाठी काम करतो तेही सांगावे लागते. भारतात असा कायदा नाही. २०१४ पासून केंद्राचे धोरण आहे की विधेयकाचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. पण ते धोरण आहे, बंधन नाही. मसुद्यावर कोणी काय सुचवले आणि मंत्र्यांना कोण कोणाच्या वतीने भेटून गेले, याची नोंद मंत्रालयात ठेवली जावी आणि ती कोणालाही वाचता यावी, अशी माझी मागणी आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या संघटना आहेत, त्यांनी आपल्या पुढच्या निवेदनात हा मुद्दा घालावा. आणि त्याच निवेदनाला आपल्या सभासदांच्या सह्या जोडाव्यात.