चार्जरचं नंतर बघू, आधी पॅनल उघडा

मंडळी, मीटिंग बिल्डिंगची असो की कंपनीची, इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, चार्जर कुठला घ्यायचा? मी दरवेळी म्हणतो, चार्जरचं नंतर बघू, आधी मेन पॅनलपाशी चला.

समजा 40 गाड्या आहेत आणि प्रत्येकाला 32 अँपिअरचा सिंगल फेज चार्जर द्यायचाय, म्हणजे 230 व्होल्टवर साधारण 7.4 किलोवॅट, गुणाकार केला की झाले 296 किलोवॅट. हा आकडा ऐकला की लोक घाबरतात, एवढा लोड आपल्याकडे नाहीये, नवा ट्रान्सफॉर्मर लागेल, विषय बंद. पण गाडी रोज चालते किती ते विचारा ना. 40 किलोमीटर धरा, एका युनिटला सहाएक किलोमीटर जाते, म्हणजे 7 युनिट लागले, 40 गाड्यांचे 280, चार्जिंगमध्ये थोडं वाया जातं ते धरून 310. आणि गाड्या रात्री 10 तास नुसत्या उभ्या असतात, त्यामुळे सरासरी पडते फक्त 31 किलोवॅट. कुठे 296 आणि कुठे 31! रोज जास्त फिरणारा कोणी असतोच, त्याच्यासाठी थोडी जागा वरती ठेवा, पण या फरकापायी बिल्डिंगा वर्षानुवर्षं अडून बसतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे जमतं लोड मॅनेजमेंटमुळे. मेन लाइनवर करंट मोजणारा मीटर बसतो, लिफ्ट-पंप चालू झाले की सिस्टीम चार्जरना सांगते थोडं कमी घ्या, आणि मध्यरात्री सगळं शांत झालं की पुन्हा वाढवते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, एसी चार्जिंगच्या, म्हणजे अशा साध्या, हळू चार्जिंगच्या स्टँडर्डमध्ये 6 अँपिअरच्या खाली करंट देता येत नाही, म्हणजे गाडीमागे निदान 1.4 किलोवॅट. त्यामुळे 31 किलोवॅटमध्ये एकावेळी 22 गाड्या चार्ज होतील, बाकीच्यांची पाळी नंतर, सकाळी मात्र सगळ्या तयार. म्हणून चार्जर घेताना ओसीपीपी, म्हणजे चार्जर आणि सिस्टीमने एकमेकांशी बोलायची सगळ्या कंपन्यांना खुली असलेली भाषा, चालतं का हे विचाराच, नाहीतर पुढे दुसऱ्या कंपनीचे चार्जर त्याच सिस्टीमला जोडताना अडचण येते.

आता शिल्लक लोड किती आहे हे बिलावरून नीट कळत नाही. लॉगर, म्हणजे करंट सतत नोंदवणारं यंत्र, लावून निदान दोन आठवडे मोजा, आणि तेही एअर कंडिशनर जोरात चालतात त्या दिवसांत.

काही जण म्हणतात एवढं कशाला, पार्किंगमधल्या साध्या सॉकेटला लावतो की. मी असा एक सॉकेट उघडून पाहिलाय, बाहेरून जरा पिवळट दिसत होता एवढंच, आत लाइनच्या पिनभोवतीचं प्लास्टिक वितळून खाली ओघळलेलं आणि वायरचं इन्सुलेशन बोटभर काळं पडून कडक झालेलं. मिक्सर पाच मिनिटं चालतो, गाडी सलग आठ तास करंट ओढते, एक सैल स्क्रू असला तरी तिथे उष्णता साठत जाते. म्हणून प्रत्येक चार्जरला वेगळी लाइन, स्वतःचा ब्रेकर, आरसीडी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग, यात काटकसर करू नका, कळकळीने सांगतोय.

ऑफिसचं गणित वेगळं. तिथे गाड्या आठ तास उभ्या असतात, म्हणजे 3.7 किलोवॅट सुद्धा भरपूर झालं, पण त्याच वेळी ऑफिसचा लोडही चढलेला असतो आणि बऱ्याच ठिकाणी महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या मागणीवर वेगळा आकार लागतो. सगळ्यांनी सकाळी आल्याआल्या प्लग लावला की तोच आकडा उडी मारतो, तेव्हा चार्जिंग दिवसभरात पसरवा. दुकानात गिऱ्हाईक अर्धा तास थांबतं, 7.4 च्या चार्जरवर त्याला मिळणार जेमतेम 20-22 किलोमीटर, तिथे डीसी फास्ट चार्जरचा विचार करा, पण 50 किलोवॅटच्या पुढे गेलात की वीज कंपनीशी आधी बोला, जोडणी वाढवायला वेळ लागतो.

आणि पैसे कोण भरणार हे पहिल्या दिवशी ठरवा, प्रत्येक चार्जरला मीटर किंवा कार्ड, नाहीतर भांडणं तिथेच सुरू होतात.

शेवटचं म्हणजे खोदकाम. चार्जर आज चार बसवा, पण केबल ट्रे आणि पाइप सगळ्या जागांपर्यंत एकदाच टाकून घ्या, फरशी दोनदा फोडायला लावू नका. रिकाम्या पाइपात नायलॉनची दोरी ओढून ठेवा आणि दोन्ही टोकांना पार्किंगचा नंबर लिहा, पाच वर्षांनी येणाऱ्या वायरमनला ती दोरी धरून केबल ओढता येईल.