उधळ्या कोण ते ठरवायचं कुणी?

मंडळी, नमस्कार.

चिक्कू, कवडीचुंबक, कंजूष-मक्खीचूस. पैसा धरून ठेवणारा कुणाचाही कोण असो, त्याला आपण सरसकट नावं ठेवतो. पैसा सोडणाऱ्याला मात्र नातं बघून शब्द मिळतो. जावयाने मुलीला पाटल्या केल्या तर तो दिलदार. मुलाने सुनेला केल्या तर उधळ्या, हातात लक्ष्मी म्हणून ठरत नाही! आपल्या भावाचा हात सढळ, दिराचा सैल. वाड्यातल्या माणसाचे शौक असतात, चाळीतल्याची थेरं. आणि तमाशात दौलतजादा करणाऱ्याचं तर नाव पुकारतात. तोच गडी पहाटे घरी पोचल्यावर त्याला कोणत्या नावाने हाक मारली जाते, ते इथे मंचावरून सांगत नाही.

यातला विनोद सोडा, पण हा शिक्का कधीकधी फार मोठ्या जमावावर बसतो. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले. लोण नगर जिल्ह्यात गेलं. बहुतेक ठिकाणी लोकांनी माणसांना हात लावला नाही. कर्जरोखे मागितले आणि हाती आले ते जाळले. सरकारने चौकशीला आयोग बसवला. तोवर साहेबलोकांत एक समज पक्का होता, की कुणबी लग्नात पैसा उडवतो म्हणून कर्जात बुडतो. ऋण काढून सण, दुसरं काय!

आयोगाने मात्र लिहिलं, की लग्नखर्चाला नको इतकं महत्त्व दिलं गेलंय. ऐपतीच्या मानाने तो खर्च जास्त, हे त्यांनाही मान्य होतं. पण असे प्रसंग आयुष्यात येतात किती? खरी दुखणी वेगळीच होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला सोन्याचा भाव आला आणि 1865 मध्ये युद्ध संपल्यावर तो कोसळला. वर शेतसारा वाढवलेला. कोर्टात रोखा दाखवला की निकाल सावकाराचा. मुद्दल किती नि व्याज किती, हे खोलात जाऊन कोण बघतो? पुढे 1879 च्या कायद्याने न्यायाधीशांना रोख्यामागचा जुना हिशेब उकरून काढायचा अधिकार दिला.

म्हणून गावाकडून कुणी फोनवर सांगतं, 'अमक्याने पोरीच्या लग्नात शेत घालवलं,' तेव्हा मला आधी विचारावंसं वाटतं: शेतावर बोजा कधीपासून होता? लग्न सगळ्या गावाने जेवून पाहिलेलं असतं. व्याज कुणाला दिसत नाही. आणि बोलणारे आपण तरी कोण? घराचा तीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेऊन बसलेली माणसं! त्याला आपण 'गुंतवणूक' म्हणतो.

असो. यानंतर गणपतीच्या अंदाजपत्रकाची चर्चा आहे. ढोल-ताशाचं भाडं म्हणजे उधळपट्टी, असं दोघातिघांनी आधीच लिहून कळवलंय. माझं मत, ढोल आणावेत. कपात हवीच असेल तर शाली-श्रीफळांत करा. आज मला मिळणार आहे, त्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल.