भीमाची दोन बोटं

(दृश्य : घाटकोपरची टेकडी. उभा कापलेला काळा कडा, पायथ्याशी साचलेलं हिरवं पाणी.)

हा कडा माणसांनी कापलाय. मुंबई ज्या काळ्या पाषाणावर बसली आहे, तो लाव्हारसाचा, सहा कोटी वर्षांहून जुना. घाटकोपर, कुर्ला, चांदिवली, मालाड... या सगळ्या पट्ट्यात एकेकाळी खाणी होत्या. यंत्रं यायच्या आधी काम असं चालायचं : एकानं पहार उभी धरायची, दुसऱ्यानं वरून घण घालायचा. प्रत्येक घावागणिक पहार थोडी फिरवायची, म्हणजे ती अडकत नाही. भोक हातभर खोल गेलं की दारू ठासायची, वात लावायची आणि ओरडत लांब पळायचं. सुरुंग उडाला की मोठे दगड छिन्नीनं फोडायचे. राहील त्याची खडी. याच खडीवर मुंबईचे रस्ते झाले, रुळांखालीही हीच.

(दृश्य : म्हाताऱ्या खाणकामगाराचा हात, अगदी जवळून.)

हे हात नीट बघा. तळव्याची कातडी आता कातडी राहिलेली नाही. बोटं पूर्ण सरळ होत नाहीत, पहारीच्या जाडीइतकी वाकून राहिली आहेत. आजोबांनी काम सोडून बरीच वर्षं झाली, तरी बोटांनी पकड सोडलेली नाही.

ही बोटं दाखवायचं कारण एक गोष्ट आहे. अण्णाभाऊ साठे यांची, ‘स्मशानातील सोनं’.

(दृश्य : घाटकोपरमधल्या चिराग नगरची गल्ली. पाण्याचे पिंप, जिने, वर वायरींचं जाळं.)

अण्णाभाऊंचा जन्म १९२० सालचा, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा. पोरवयात ते घरच्यांसोबत मुंबईला आले ते चालत. शाळा जवळजवळ नाहीच. मुंबईत हमाली केली, गिरणीत राबले, अक्षरं शिकले ती याच शहरात. कम्युनिस्ट चळवळीतल्या लाल बावटा कलापथकातून शाहीर अमर शेख आणि गव्हाणकरांसोबत त्यांनी मुंबईचे कामगार मोहल्ले जागवले. ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ ची. आणि त्यांचं बरंचसं लेखन झालं ते इथं, चिराग नगरच्या झोपडीत. खाणी इथून हाकेच्या अंतरावर होत्या. दगड फोडून आलेला माणूस संध्याकाळी कसा चालतो, हे अण्णाभाऊंना कुणाला विचारावं लागलं नसेल.

गोष्टीतला भीमा वारणेकाठचा. अंगानं पैलवान. शहरात काम मिळत नाही म्हणून उपनगरातल्या, रानालगतच्या एका वस्तीत बायको आणि लहान लेक घेऊन येतो. खाणीत काम मिळतं. पहार हातात आली की डोंगर मागं सरकतो, असा तो. आणि एक दिवस खाण बंद होते. का, कशी, ते भीमाला कुणी सांगत नाही. हातात काम नाही, घरी पीठ नाही. परतीच्या वाटेवर राखेच्या ढिगात त्याला एक अंगठी दिसते. मढ्याच्या अंगावर राहून गेलेली.

(दृश्य : स्मशानभूमी. सावडण. राखेवर पाणी शिंपडणारे हात.)

तिसऱ्या दिवशी सावडायला येतात. राख विझवतात, अस्थी वेचून मडक्यात भरतात, उरलेली राख पाण्यात सोडतात. जाणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्र, गंगाजळ आणि ऐपत असेल तर सोन्याचा कण ठेवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. भीमाला या रीतीतूनच वाट सापडते. आधी तो राख चाळतो. मग पुरलेली मढी उकरू लागतो. मिळालेलं सोनं मुंबईच्या बाजारात विकतो.

बायको घाबरते. भुताखेतांचं नाव काढते. भीमाचं उत्तर मराठी वाचकानं एकदा तरी मोठ्यानं वाचावं असं आहे. त्याचा रोख असा, की खरी भुतं गावात राहतात, घराघरांत. मसणात फक्त मेलेले असतात, आणि मेलेलं माणूस कुणाच्या वाटेला जात नाही.

आमच्या मते सगळी गोष्ट या जागेवर उभी आहे. अंधारात, मसणात एकटा माणूस हातानं माती उकरतो आणि त्याला मरणाची भीती वाटत नाही. तो भितो उद्या सकाळच्या चुलीला. अण्णाभाऊंनी त्याला साधू केलेला नाही आणि चोर म्हणून उभाही केलेला नाही. इमान पोटापाशी कसं तोललं जातं ते दाखवलं आणि काटा वाचणाऱ्याच्या हातात दिला.

(दृश्य : रात्र. झाडी, टॉर्चच्या उजेडात उकरलेली माती. लांबवर कुत्री.)

शेवटची रात्र एका सावकाराच्या मढ्याची. मढ्यावर कोल्हे जमलेत. भीमा पहार घेऊन त्यांच्याशी झुंजतो, हा सगळा भाग अण्णाभाऊंनी कुस्तीच्या फडासारखा रंगवलाय. रक्त, दात, नखं, पुन्हा उठणं, पुन्हा तुटून पडणं. कोल्हे हटतात. मग तो पहारीनं मढ्याचा जबडा उघडतो, तोंडात बोटं घालतो, आणि जबडा मिटतो. बोटं आत.

डॉक्टर दोन बोटं कापतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याचं कळतं.

(दृश्य : पुन्हा तेच हात. निवेदन नाही. दहा सेकंद.)

(दृश्य : लालबाग. चाळीचा व्हरांडा, भजनी मंडळ. पखवाज, टाळ.)

गिरणगावात दिवसपाळी सुटली की चाळीचाळींत अशी मंडळं बसायची. बरीच मोडली, काही टिकून आहेत. इथं आत्ता तुकोबांचा अभंग चाललाय : ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां। तो झाला सोहळा अनुपम्य॥’ पुढे त्यातच येतं, ‘फिटलें सुतक जन्ममरणाचें’.

हा अभंग सुखात बसून सुचलेला नाही. १६३० च्या दुष्काळानं महाराष्ट्र होरपळला. तुकोबांची पहिली बायको आणि मूल त्या काळात अन्नावाचून गेलं. घरात सावकारी होती, लोकांची कर्जखतं होती. परंपरा सांगते, की भावासोबत वाटणी करून आपल्या वाट्याची खतं तुकोबांनी इंद्रायणीत सोडून दिली. म्हणजे येणं बुडवलं, स्वतःच्या हातानं. ‘सत्य असत्याशी मन केलें ग्वाही। मानियेलें नाहीं बहुमता॥’ ही ओळ त्याच माणसाची आहे.

भीमाच्या गोष्टीतला सावकार मेल्यावरही सोडत नाही, जबडा मिटून घेतो. तुकोबा जिवंतपणी सोडून देतात. ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघावीत असं आम्हाला वाटतं. अण्णाभाऊंना ते अभिप्रेत होतं की नाही, हा प्रश्न वेगळा.

(दृश्य : दादर पूर्व. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. कपाटं, पुस्तकांच्या मागचे क्रमांक.)

१८९८ सालची ही संस्था. मुंबईचं मराठी वाचन किती हातांतून गेलंय, ते इथल्या जुन्या पुस्तकांच्या कडांवर दिसतं. पानं उलटून उलटून कोपरे काळे पडलेत. पण पुस्तक कपाटात राहिलं तर भीमा ज्यांचा आहे त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ही पुस्तकं वस्तीत न्यायला हवीत, आणि मोठ्यानं वाचायला हवीत. हा माहितीपट त्यासाठी केलाय.

(दृश्य : घाटकोपर. इमारतीची गच्ची. सतरंजी, एक बल्ब, वीसेक माणसं.)

कॉलेजातली मुलं आळीपाळीनं वाचतात. गोष्ट संपली आणि एका काकूंनी सरळ विचारलं, ‘खाण सुरू होती तेव्हा हा गेला होता का मसणात?’ मागून एक रिक्षावाले दादा म्हणाले, ‘काकू, मेलेल्याला कशाला हात लावायचा पण? वाईटच ना ते.’ मग कुणी बोटांचा विषय काढला, कुणी कामावर बोट गेलं तर मिळणाऱ्या भरपाईचा. वाचणारी मुलं गप्प बसून ऐकत होती. वर्गात शिकवताना या गोष्टीला एवढे फाटे फुटत नाहीत.

पुढच्या खेपेला त्यांनी दलित कथाकार बाबुराव बागूल घेतले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’, संग्रह १९६३ चा. बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे, वाढले माटुंगा लेबर कॅम्पात. गोष्टीतल्या माणसाला गुजरातेत रेल्वेत नोकरी लागते, पण राहायला खोली हवी तर जात लपवावी लागते. तो लपवतो. आणि तिथंच नोकरीला आलेला काशिनाथ काही लपवत नाही, अपमान करणाऱ्याच्या अंगावर जातो. दोघांपैकी भीती कुणाला जास्त, यावर गच्चीवर दोन तट पडले आहेत.

वाचन अर्ध्यावर आलंय. उरलेली पानं येत्या शनिवारी, संध्याकाळी सातला, याच गच्चीवर.