मानेवरचा व्ही

कोस्टा रिकाचं सखल वर्षावन. पाऊस नुकताच थांबलाय. समोर एक कुजका ओंडका. तो उलटायचा आपल्या दिशेनं. खाली साप असलाच, तर मध्ये ओंडक्याची आड राहते.

ओंडका सरकतो. अळ्या-कोष घेऊन पळणाऱ्या लांबट, तपकिरी मुंग्या. आणि कान दिलात, तर बारीकसा आवाज... टक्. टक्.

हे जबडे मिटल्याचे आवाज.

एकीला भिंगाखाली घेऊ. अंग जेमतेम 1 सेंटिमीटर. चेहऱ्याच्या मधोमध, एकमेकांना खेटून बसवलेले दोन सरळ दांडे, म्हणजेच जबडे. ते 180 अंशांत उघडले की डोक्यासमोर जणू आडवी काठीच. आतल्या बाजूला नाजूक केस. त्यांना काही टेकलं, की अडकवलेली खिट्टी सुटते आणि जबडे फटकन मिटतात. ओडोन्टोमॅकस बाउरी या जातीत 2006 साली हा वेग मोजला गेला: सेकंदाला 35 ते 64 मीटर. जबडा मिटायला सरासरी 0.13 मिलिसेकंद! हाच फटका जमिनीवर मारून ती स्वतःला हवेत उडवते, 8 सेंटिमीटरपर्यंत. चिमटा जपून धरा. जबड्याचं कौतुक ठीक आहे, पण खरी आग मागच्या नांगीत असते.

मग ओंडक्याखालची ही मुंगीही बाउरीच का? थांबा. असाच जबडा ॲनोकीटस या दुसऱ्या प्रजातीलाही (प्रजात म्हणजे जवळच्या जातींचा गट) असतो. म्हणून आता डोकं मागून बघायचं. ओडोन्टोमॅकसमध्ये मानेवरची कड दोन्हीकडून येते आणि मध्यावर इंग्रजी व्हीसारखी जुळते. ॲनोकीटसमध्ये ती सलग कमानीसारखी जाते. हिच्या मानेवर व्ही आहे. मग कंबर. तिथल्या गाठीवर ताठ उभा एकच काटा. म्हणजे प्रजात ओडोन्टोमॅकस, एवढं नक्की.

जात ठरवणं मात्र कटकटीचं. बाउरी आणि हीमॅटोडस या ओडोन्टोमॅकसच्याच दोन जाती वरून पाहिल्या तर सख्ख्या बहिणी. रंगावर तर मुळीच जाऊ नये. मुंगी उताणी करून, मागच्या पायांच्या बेचक्यातल्या बारीक उंचवट्याचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. नुसत्या फोटोवरून कुणी छातीठोकपणे ‘बाउरीच’ म्हणालं, की मला शंका येते.

ओंडका होता तसा ठेवताना कॅमेऱ्यात शेवटची मुंगी येते. मऊ, पांढरी अळी उचलून ती आत शिरते. अळी धरलीय त्याच जबड्यात. तिच्यावर ओरखडाही नाही.