समुद्र नसलेल्या मुलखातल्या लाटा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि तरंगांचा धडा आला की दरवर्षी हीच अडचण यायची. पुस्तकात समुद्राच्या लाटेचं चित्र, आणि वर्गातल्या चाळीस पोरांपैकी समुद्र पाहिलेली फार तर दोन. मग मी सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचो. शाळेच्या मागंच ज्वारीचं रान होतं. पौषात ज्वारी निसवलेली असते. वाऱ्याची झुळूक आली की या बांधापासून त्या बांधापर्यंत अख्खं रान वाकत जातं. मी विचारायचो, "काय गेलं रे इकडून तिकडं?" पोरं म्हणायची, "ज्वारी गेली, सर." "ज्वारी गेली? मग ही उभी आहे ती कुणाची?"

तरंगाचा निम्मा धडा तिथंच संपायचा. ताट मुळाशी घट्ट, जिथल्या तिथं. गेली ती नुसती हालचाल. उरलेला निम्मा धडा कासऱ्यावर. बैलाच्या कासऱ्याचं एक टोक लिंबाच्या खोडाला बांधायचं, दुसरं हातात धरून एक झटका द्यायचा. कासऱ्यावर उंचवटा उठतो, पळत खोडापर्यंत जातो आणि गाठीवर आपटून उलटा होऊन परत येतो. कासरा मात्र इंचभरही पुढं सरकत नाही.

आता हेच बघा. मी इथं बोलतोय आणि तुम्ही घरी ऐकताय. समजा केंद्रापासून तुमचं घर शंभर किलोमीटरवर आहे. रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. तिला वाटेत हवासुद्धा लागत नाही. शंभर किलोमीटर ती सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात कापते. पण तुमच्या कोनाड्यातल्या रेडिओपासून तीन मीटरवर बसलेल्या आजींच्या कानापर्यंत जायला आवाजाला त्याच्या सव्वीसपट वेळ लागतो. शंभर किलोमीटरपेक्षा शेवटचे तीन मीटर लांबचे! रात्री जागलीला गेलेल्या शेतकऱ्यांना आणखी एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. दिवसा न लागणारी लांबची केंद्रं रात्री माळ्यावर स्वच्छ लागतात. दिवसा उन्हामुळे आकाशात उंचावर विद्युतभारित हवेचा एक थर तयार होतो आणि तो मध्यम लहरी शोषून घेतो. दिवस मावळला की तो थर विरतो, मग त्याच लहरी आणखी वरच्या थरावरून परतून लांबवर उतरतात.

भाषेनं या एका गोष्टीला किती नावं दिलीत! पाण्यावरचा तरंग, आणि मनातलेही तरंगच. विष चढलं की लहरी येतात. माणूस लहरी असतो, पाऊसही लहरी, आणि आपली कोरडवाहू शेती त्याच्याच लहरीवर. आली लहर, केला कहर. उष्णतेच्या लाटेत मात्र लाटेसारखं काही नसतं. मैदानी भागात पारा ४० अंशांच्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला की हवामान खातं तिला लाट म्हणतं. प्रत्यक्षात तापलेली हवा आपल्या डोक्यावर ठाण मांडून बसलेली असते.

एका लहरीबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे. ३० सप्टेंबर १९९३. मी तेव्हा लातूरला भाड्याच्या खोलीत राहत होतो. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आधी घरघर ऐकू आली, भरलेला ट्रक गल्लीत शिरावा तशी. मांडणीवरच्या वाट्या किणकिणू लागल्या. मी उठून बसलो, दिव्याचं बटण चाचपडू लागलो. बटण हाताला लागायच्या आत खालची फरशी आडवी हलली आणि मांडणी भिंतीवरून खाली आली.

त्या दोन वेगळ्या लहरी होत्या. पहिली खडकाला पुढंमागं दाबत सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगानं येते. दुसरी खडकाला आडवं हलवत सुमारे साडेतीन किलोमीटरनं येते, आणि नासधूस जास्त तीच करते. भूकंपाचं केंद्र किल्लारीजवळ, लातूरपासून चाळीसेक किलोमीटर. म्हणजे दोघींमध्ये अंतर पाचेक सेकंदांचं. मला पाच सेकंद मिळाली. किल्लारीत, सास्तुरात एक-दोन सेकंदही धड मिळाली नसतील. आणि डोक्यावर माळवद. उन्हाळ्यात गार राहावं, पावसात गळू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मातीवर माती चढवत गेलेलं जाडजूड माळवद, खाली चिखलात रचलेल्या दगडांच्या भिंती. आजोबा-पणजोबांनी मायेनं थापलेली ती माती झोपलेल्या नातवंडांवर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. या तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी होतात आणि पुष्कळदा फारसं कुणी दगावत नाही. माणसं मेली ती घरांखाली. हे मी वर्गात प्रत्येक वर्षी सांगितलं आणि सांगताना प्रत्येक वर्षी माझा आवाज बदलला.

ती लहर त्याच पहाटे वीसेक मिनिटांत पृथ्वीच्या पार पलीकडं पोचली होती. दूरदेशीच्या भूकंपमापकांवर तिची रेघ उमटली. आम्हाला चाळीस किलोमीटरवर किल्लारीचं नाव कळायला मात्र उजाडावं लागलं.

समाजातल्या लाटेबद्दल बोलताना मला ज्वारीचं रान अपुरं पडतं. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि आपल्या गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. त्याबद्दल बोलताना आजही कुणी म्हणतं, "तेव्हा लाटच तशी होती." मला हे बोलणं मान्य नाही. वाऱ्यापुढं वाकण्यावाचून ताटाला गत्यंतर नसतं, माणसाला असतं. कानावर आलेली अफवा पुढच्याच्या कानात घालायची की आपल्यापाशी संपवायची, हे त्या रात्री प्रत्येकानं आपापलं ठरवलं होतं. लाट म्हटलं की जाळणाऱ्याचा हात दिसेनासा होतो, म्हणून तो शब्द इथं वापरू नये असं मला मनापासून वाटतं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी.

करोनाच्या दुसऱ्या लाटेतही हेच पाहिलं. ती आपल्याच श्वासातून, एका माणसाकडून दुसऱ्याकडं जात होती. जो घरी थांबला त्याच्यापाशी ती थांबली.

आणि आता हिंगोली जिल्हा. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ साली केंद्र सरकारनं तिला मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी. एकमेकींना काटकोनात अशा चार-चार किलोमीटर लांब दोन भुजा, आत निर्वात नळ्या, नळ्यांतून टोकाला लटकवलेल्या आरशापर्यंत जाऊन परतणारा लेसरचा किरण. १९१६ साली आइन्स्टाइननं सांगितलं होतं की प्रचंड वस्तुमानं हलली तर खुद्द अवकाशालाच तरंग उठतात. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी असा तरंग पहिल्यांदा टिपला. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर. चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. असले पुसट तरंग गोंगाटातून वेचून काढायच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका संस्थेत डॉ. संजीव धुरंधर यांनी त्याआधी कितीतरी वर्षं काम केलं होतं. तो तरंग निघाला तेव्हा आपल्या पायाखालचा हा काळा कातळ जन्मालाच आला नव्हता. त्याचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास आहे.

नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचं देऊळ फिरलं, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. त्याच परिसरात आता चार किलोमीटरची नळी केसभरही हलू नये म्हणून माणसं खपतील. आणि तिथं त्यांना एक त्रास होणार आहे. हजारो मैलांवर समुद्राच्या लाटा उसळतात, तेव्हा त्यांच्या माऱ्यानं समुद्राचा तळ आणि किनारा थरथरतो, आणि ती थरथर जमिनीखालून शेकडो कोस आत येते. दर चार-आठ सेकंदांनी एक हेलकावा. आपल्या पायांना जाणवत नाही, पण ज्वारीच्या रानाखालून, लिंबाच्या मुळांखालून तो आत्ताही जातो आहे. आरसे लटकवणाऱ्या इंजिनिअरांना तो सगळ्यात आधी गाळून काढावा लागेल.

नमस्कार.